शिकारीसाठी राखलेले पाणी

मिरजेहून रेल्वेने जयसिंगपूरकडे निघाले की कृष्णेच्या पुलाच्या दोन्ही अंगांना काळ्या जमिनीचा सपाट पट्टा लागतो. नजर पोचेल तिथवर ऊस. पण मध्येच एखादा तुकडा असा दिसतो की तिथे ऊस नाही, धड पाणी नाही आणि धड जमीनही नाही. कडेला पांढरट पापुद्रा, मध्ये घोटाभर पाणी, कोपऱ्यात पाणकणसाचे बेट. ही क्षारपड जमीन. वर्षानुवर्षे पाटाचे आणि उपशाचे पाणी मिळत राहिले, निचरा झाला नाही, खालचे पाणी वर चढले आणि येताना क्षार घेऊन आले.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात नववीच्या मुलांना घेऊन अशाच एका तुकड्याच्या बांधावर गेलो होतो. पाण्यात पंधरावीस थापट्या बदके चोच पाण्याला लावून गोल गोल फिरत होती. मालक शेजारीच उभे होते. वडिलांच्या काळात इथे ऊस निघत असे, आता बदके येतात, असे ते काहीशा कडवटपणेच म्हणाले. त्यावर एका मुलीने विचारले, "सर, बदकांसाठीच कोणी मुद्दाम असे शेत करत असेल का?" मुले हसली. मीही हसलो.

हसायला नको होते. असे शेत करतात. जगात अनेक ठिकाणी करतात, आणि आपल्या देशात त्याचे जे सर्वांत मोठे उदाहरण आहे ते आपण पाठ्यपुस्तकात भलत्याच नावाखाली शिकवतो. त्याचे नाव भरतपूर. आपण त्याला 'पक्ष्यांचे नंदनवन', 'निसर्गाचा ठेवा' असे काहीतरी म्हणून मोकळे होतो. ते निसर्गाने दिलेले नाही. बदके यावीत आणि ती मारता यावीत एवढ्यासाठी ते माणसाने बांधले.

खोलगट रान आणि अजान बांध

मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने मथुरेला उतरले की भरतपूर तेथून चाळीसेक किलोमीटर राहते. मराठी माणसाला हा मुलूख इतिहासातून ठाऊक आहे. भरतपूरजवळच्या कुम्हेरच्या वेढ्यात १७५४ साली खंडेराव होळकर, म्हणजे अहिल्याबाईंचे पती, मारले गेले. तो किल्ला लढवणारा सुरजमल जाट. याच सुरजमलने पुढे १७६१ साली पानिपतावरून जीव घेऊन परतणाऱ्या मराठ्यांना आसरा दिला. आणखी चव्वेचाळीस वर्षांनी, १८०५ मध्ये, यशवंतराव होळकर भरतपुरात असताना इंग्रजांनी शहराला वेढा घातला. चार वेळा चढाई केली आणि चारही वेळा त्यांना माघार घ्यावी लागली. मातीचे रुंद तट आणि पाण्याने भरलेला खंदक ही त्या किल्ल्याची ताकद होती.

या भागात पाणी ही वर्षभराची चीज नाही. गंभीर आणि बाणगंगा या नद्या पावसाळ्यात फुगतात आणि एरवी कोरड्या पडतात. शहराच्या दक्षिणेला एक विस्तीर्ण खोलगट भाग आहे. सुरजमलच्या काळात या नद्यांचे पुराचे पाणी अडवण्यासाठी अजान बांध घालण्यात आला आणि त्या खोलगट भागात पाणी साचू लागले. मध्ये केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे देऊळ. भोवती दाट रान. दाट म्हणून 'घना'. केवलादेव घना हे नाव असे आले.

इथवर ही गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही तळ्यासारखीच आहे. साताऱ्यातला मायणीचा तलाव घ्या. तोही माणसाने पाणी अडवूनच केलेला, आणि तिथेही हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. पण मायणीला पक्षी आले ते पाटबंधाऱ्याच्या सोबतीने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. भरतपूरला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे झाले ते योजून झाले.

त्या वेळी भरतपूर संस्थानचा कारभार काठेवाडातल्या मोरवी घराण्यातले हरभामजी पाहत होते. १८९९ च्या सुमारास त्यांनी त्या खोलगट भागात मातीचे बांध घालायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या बड्या जमीनदारांच्या बदकांच्या शिकारी तेव्हा प्रसिद्ध होत्या आणि तसेच काहीतरी इथे करायचे होते. एका मोठ्या तळ्याचे बांधांनी अनेक तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला दारे बसवली. अजान बांधातून कालव्याने पाणी आणायचे आणि हव्या त्या तुकड्यात हवे तेवढे सोडायचे. बांधांवरून गाडीरस्ते केले, म्हणजे पाहुण्यांना चिखल तुडवायला नको. पुढे पाण्यात मातीचे उंचवटे करून त्यांवर बाभळी लावल्या गेल्या. आज त्या बाभळींवर चित्रबलाकांची आणि बगळ्यांची जी घरटी आपण दुर्बिणीतून पाहतो, त्यांच्याखालचे बेट माणसाने टोपलीने माती टाकून केलेले असते.

उथळ का, आणि कोरडे का?

या बांधबंदिस्तीत मोठे शहाणपण आहे. बदके पाण्यात राहतात, तेव्हा जितके पाणी जास्त तितकी बदके जास्त, असे आपल्याला वाटते. तसे असते तर कोयनेच्या जलाशयावर बदकांची दाटी व्हायला हवी होती.

बदकांचे ढोबळ दोन गट आहेत. काही बुडी मारून तळाशी जातात. पण हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळशी, म्हणजे थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग, ही बुडी मारत नाहीत. ती नुसते डोके पाण्यात घालतात किंवा शेपूट वर करून उलटी होतात. मान जेवढी लांब तेवढेच त्यांचे ताट खोल. वीतभर ते हातभर पाणी त्यांना सोयीचे. तलवार बदकाची मान लांब म्हणून ते जरा अधिक खोल पाण्यात चरू शकते. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. ते पृष्ठभागावरचेच पाणी गाळून त्यातले जीव खाते. आमच्या क्षारपडीतले थापटे गोल फिरत होते ते यासाठी. फिरण्याने खालचे खाद्य वर येते.

पाणी उथळ असले की काम झाले असेही नाही. ते दरवर्षी आटले पाहिजे. पाणी कायम तुंबून राहिले की तळाच्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही. कुजण्याची क्रिया मंदावते. पाणगवते आणि लव्हाळ्यांचे बी चिखलात पडून असते, पण पाण्याच्या जाड थराखाली त्याला ना उजेड मिळतो ना हवा. ते रुजत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की तळ उघडा पडतो, भेगाळतो, हवा आत शिरते, मागच्या वर्षीचा काडीकचरा भराभर कुजतो आणि त्यातले नत्र-स्फुरद मोकळे होते. ओल टिकून आहे तोवर बी रुजते. वर्षभरात जगून, बी धरून मरणाऱ्या वनस्पती अशा जागी झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या बियांचा सडा पडतो. पुढे पावसाळ्यात पुन्हा पाणी चढले की बुडालेल्या काड्यापानांवर कीटकांच्या अळ्या पोसतात. नोव्हेंबरात हिमालय ओलांडून थकून आलेल्या बदकाला प्रथिनांसाठी अळ्या आणि चरबीसाठी बी, दोन्ही एकाच ताटात मिळते.

हे आपल्या धरणग्रस्तांना सांगायला नको. धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, तिला आपण गाळपेर म्हणतो. खत न घालता पीक जोमदार येते. अजान बांधातही हेच चाले: पावसाळ्यानंतर बांधातले पाणी सोडून दिले की त्याच्या तळात गहू पेरत. म्हणजे वरच्या अंगाला माणसांची गाळपेर आणि खालच्या अंगाला बदकांची.

वर्गात करून पाहण्याजोगे आहे. एप्रिलमध्ये आटलेल्या तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठचा वरचा दोन बोटे थर खरवडून आणावा, ढेकळे फोडून नीट मिसळावा आणि दोन पसरट ट्रेंमध्ये सारखा पसरावा. एका ट्रेमध्ये रोज पाणी शिंपडून माती नुसती ओली ठेवावी. दुसऱ्यात माती चार बोटे पाण्याखाली बुडवून ठेवावी. दोन्ही ट्रे सावलीच्या पण उजेडाच्या जागी ठेवून तीन-चार आठवडे दर शनिवारी रोपे मोजावीत. नावे माहीत नसली तरी चालेल. पानांच्या आकारावरून प्रकार पाडता येतात. ओल्या ट्रेमध्ये किती प्रकार आणि बुडवलेल्यात किती, हे आकडे मुलांनी स्वतः मांडले की 'तळे आटणे' या शब्दांकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते.

अमेरिकेत याच पद्धतीचे शास्त्र झाले. १९३० च्या दशकातल्या अवर्षणात तिथली बदके झपाट्याने कमी झाली. १९३४ साली कायदा झाला की बदकांच्या शिकाऱ्याने दरवर्षी एक डॉलरचे विशेष तिकीट घेतलेच पाहिजे आणि त्या पैशातून पाणथळी विकत घ्यायच्या किंवा भाड्याने राखायच्या. पहिल्या तिकिटावरचे चित्र जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते. तो तेव्हा सरकारच्या या विषयाच्या खात्याचा प्रमुखच होता. तिकीट आजही चालू आहे, किंमत पंचवीस डॉलर झाली आहे. तिथले शिकारी क्लब आणि सरकारी अभयारण्ये शेताला बांध घालतात, वसंतात पाणी काढून घेतात, रानगवते उगवू देतात किंवा बाजरीसारखे तृणधान्य नाहीतर मका पेरतात, आणि पीक न कापता शरदात त्यात वीतभर पाणी सोडतात. गंमत अशी की धान्य विकत आणून पाण्यात फेकले आणि त्यावर उतरलेली बदके मारली तर तो गुन्हा आहे, १९३५ पासून. उभे पीक पाण्यात बुडवून त्यावर उतरलेली मारली तर नाही. कायद्याच्या तासाला चर्चेला घ्यावा असा हा भेद आहे.

दगडावरचे आकडे

केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी फलकावर शिकारींची नोंद कोरलेली आहे. तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती. पहिली नोंद १ डिसेंबर १९०२ ची. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते या जागेचे शिकारीसाठी उद्घाटन झाले: १७ बंदुका, ५४० पक्षी. १९१४ आणि १९१६ मध्ये आकडा चार हजारांच्या पुढे गेला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आले तेव्हा ३९ बंदुकांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. हा तिथला उच्चांक.

एका बंदुकीमागे १९०२ मध्ये सुमारे ३२ पक्षी, १९३८ मध्ये सुमारे ११०. मग या छत्तीस वर्षांत पक्षी साडेतीनपट झाले का? मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा. बहुतेक जण हो म्हणतील. पण पाडलेले पक्षी मोजणे म्हणजे असलेले पक्षी मोजणे नव्हे. बांध वाढले होते, बंदूकधाऱ्यांच्या जागा ठरल्या होत्या, एका तुकड्यातून उठलेला थवा दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे फिरत राहील अशी हाकाऱ्यांची व्यवस्था बसली होती. फलकावरचा आकडा पक्ष्यांच्या संख्येइतकाच, कदाचित त्याहून जास्त, व्यवस्थेच्या कसबाविषयी सांगतो.

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहायला हवी. अशी शिकार वर्षातून मोजकेच दिवस होई. उरलेले दिवस घन्यात बंदूक वाजत नसे. आपल्याकडे बदके धरण्याच्या जुन्या रीती अनेक आहेत. त्यांतली एक तर फारच युक्तीची: पाण्यावर मडकी तरंगत सोडायची, पक्ष्यांना त्यांची सवय होऊ द्यायची, मग एके दिवशी एका मडक्यात डोके घालून गळ्यापर्यंत पाण्यात शिरायचे आणि एकेका बदकाचे पाय धरून खाली ओढायचे. राजाच्या पाण्यात हे चालणार नव्हते. चार दिवसांच्या कत्तलीसाठी बाकीचे सारे दिवस कडेकोट राखण. पोटासाठी दोन बदके धरणारा चोर आणि चार हजार पाडणारा सन्मान्य पाहुणा, हा न्याय आपल्याला बोचतो, बोचायलाच हवा. तरीही पक्ष्यांच्या बाजूने हिशेब केला तर त्या राखणीमुळेच घना टिकला, हेही नाकारता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

या शिकारींचा एक ठसा फलकावर नाही. छर्ऱ्याच्या एका काडतुसात शेकडो बारीक शिसाच्या गोळ्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक पक्ष्याला न लागता पाण्यात पडतात. बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळते आणि पोटातल्या पेषणीत त्यांच्या मदतीने बी दळते. खडा समजून शिसे गिळले की तेही दळले जाते आणि रक्तात उतरते. अमेरिकेत याने मरणाऱ्या बदकांचा अभ्यास अनेक दशके झाला आणि १९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी आली.

बंदुकीनंतर कडे

शिकार करणाऱ्या संस्थानिकांतूनच पक्ष्यांच्या अभ्यासाचीही सोय झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२६ च्या सुमारास रानबदकांच्या पायात क्रमांकाचे धातूचे कडे घालून सोडण्याची योजना सुरू केली, तीत धारच्या पवार संस्थानाचा पुढाकार होता. कडे घातलेले बदक कुठे मारले गेले हे कळवणारे पत्र आले की प्रवासाचा एक धागा हाती लागे. म्हणजे कडे घालणारा अभ्यासक आणि बंदूक घेतलेला शिकारी यांची नकळत भागीदारी होती.

भरतपूरला हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते १९६० च्या दशकात, सालिम अलींच्या देखरेखीखाली. त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. पक्ष्यांशी या संघटनेचा काय संबंध? १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना तापाची साथ आली. तिचा विषाणू रशियातल्या एका गोचिडजन्य रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तेव्हा उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांबरोबर रोग आणतात का, अशी शंका आली. पक्ष्यांवरचा तो आरोप सिद्ध झाला नाही. पण त्या निमित्ताने हजारो पक्ष्यांच्या पायात कडी पडली, आणि सैबेरिया-मध्य आशियातून परत कळलेल्या क्रमांकांनी भरतपूरचा नकाशा मोठा झाला.

तोवर देश स्वतंत्र झाला होता आणि घन्यावर वेगळेच संकट येऊन गेले होते. संस्थान विलीन झाल्यावर, राजाच्या चैनीसाठी ठेवलेले हे पाणी काढून टाकावे आणि जमीन कसायला द्यावी, अशी मागणी स्थानिक पातळीवर पुढे आली. मागणी वावगी म्हणता येईल का? धान्याची टंचाई होती, जमीन सुपीक होती. सालिम अलींनी हा प्रश्न पंडित नेहरूंपर्यंत नेला आणि घना वाचला. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य जाहीर झाले. मात्र माजी महाराजांचा शिकारीचा हक्क कायम राहिला. अभयारण्यात शिकार, असा विचित्र प्रकार काही वर्षे चालला. शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली आणि हक्क संपला १९७२ मध्ये. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, पण त्यातही परवाना घेऊन काही पक्षी मारण्याची मुभा होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली.

म्हशी बाहेर काढल्या तेव्हा

१९८१ साली घन्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाला. पाठोपाठ ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळ. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. भोवतीच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात चरत आल्या होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी विरोधात उठले, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मारले गेले. बदकांसाठी राखलेल्या पाण्यापायी माणसे मेली, ही नोंद त्या दगडी फलकावर नाही, पण ती याच इतिहासाची आहे.

पुढे जे झाले ते विज्ञानाच्या शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. वि. स. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० पासून दहा वर्षे घन्याचा अभ्यास करत होते. म्हणजे चराई बंद होण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही स्थिती त्यांच्या वह्यांत होती. चराईमुळे पाणथळीचे नुकसान होते, असे तेव्हा जवळजवळ सर्वांनी धरून चाललेले होते. मोजमापांनी उलटे दाखवले. म्हशी गेल्या आणि पॅस्पॅलम नावाचे पाणगवत माजले. त्याची जाळी पाण्यावर पसरली, मोकळे पाणी आकसले, आणि ज्या बदकांना व पाणवनस्पतींना मोकळ्या उथळ पाण्याची गरज होती त्यांची जागा गेली. म्हैस त्या पाण्यातली आगंतुक नव्हती. हरभामजींच्या दारांइतकीच ती त्या यंत्राचा भाग होती. फक्त तिची कोणी कागदावर नोंद केली नव्हती. शास्त्रज्ञांनी हे निष्कर्ष मोकळेपणाने मांडले, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. पुढे गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून न्यायला परवानगी मिळाली. विळ्याने कापलेले गवत आणि म्हशीने पाण्यात उभे राहून मुळाशी ओरबाडलेले गवत यांत फरक राहतोच.

सैबेरियन क्रौंचाचे येणे याच काळात घटत गेले. १९६० च्या दशकात दोनशेच्या आसपास येणारे हे पांढरेशुभ्र पक्षी २००१-०२ च्या हिवाळ्यात एका जोडीवर आले, आणि त्यानंतर भरतपूरला दिसले नाहीत. त्याला केवळ गवत कारणीभूत नाही. वाटेवर अफगाणिस्तान-पाकिस्तानात होणारी शिकार हे मोठे कारण मानले जाते. एकच कारण शोधण्याचा मोह इथे टाळावा.

आता पुन्हा आमच्या क्षारपडीकडे येतो. तिथेही उथळ पाणी आहे, बदकेही येतात. मग तेही एक लहान भरतपूर म्हणावे का? माझे उत्तर नाही असे आहे. त्या तुकड्यात पाणी येण्याचे दार आहे, जाण्याचे नाही. ते पुरते आटत नाही, आटते तेव्हा क्षार वर ठेवून आटते. वर्षायू गवतांचे बी रुजत नाही, पाणकणीस मात्र आपल्या जाड मुळ्यांनी दरवर्षी पुढे सरकते आणि दहा वर्षांत मोकळे पाणी गिळते, जसे पॅस्पॅलमने गिळले. थापट्यांना तिथे काही वर्षे चारा मिळेल. मालकाला मात्र जमिनीखालून निचऱ्याचे पाइप घालून ती परत मिळवायची आहे, आणि ते खर्चाचे काम आहे. त्यांच्यापुढे उभे राहून पक्ष्यांचे कौतुक करताना जीभ जड होते.

महाराष्ट्रातले भरतपूर शोधायचेच असेल तर निफाड तालुक्यात जावे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरला विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. तो गाळाने भरत गेला. अभियंत्यांच्या दृष्टीने हे अपयशच. पण गाळ साचून पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, वरच्या धरणांतून पाणी सुटेल तशी पातळी चढू-उतरू लागली, कडेला गाळपेर होऊ लागली. भरतपूरला जे दारे उघडून-मिटून करावे लागे ते इथे पाटबंधारे खात्याच्या आवर्तनांतून आपोआप घडले. सालिम अलींनी त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले.

नळाचे पाणी

मूळ भरतपूरचे मात्र पाणीच तुटले. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले. खालच्या पक्ष्यांसाठी पाणी सोडायला वरच्या शेतकऱ्यांचा विरोध होऊ लागला. २००४ च्या सुमारास आणि नंतरही काही वर्षे घन्यात पाणी जवळजवळ आलेच नाही. तळ कोरडा पडला, आणि तो महिना-दोन महिन्यांसाठी नव्हे. आटणे उपयोगाचे असते ते पुन्हा भरणार असेल तर. त्या वर्षी करकोच्यांनी घरटीच केली नाहीत. वेडी बाभूळ आत पसरली.

घन्याला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते असा हिशेब आहे. म्हणजे साधारण दीड कोटी घनमीटर. उद्यानाचे क्षेत्र २,८७३ हेक्टर. त्याचा तिसरा हिस्सा पाण्याखाली येतो असे धरले तर दीड मीटरच्या आसपास उंचीचा पाण्याचा थर होईल. एवढे पाणी एकदम उभे राहत नाही, कारण काही मुरते आणि पुष्कळसे उडून जाते. हे गणित आठवीच्या मुलांना सहज जमते, आणि उत्तर आल्यावर हे पाणी कोणाच्या वाट्यातून काढायचे, हा प्रश्न मुले आपणच विचारतात.

त्यावर तोडगा म्हणून गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी वळवण्यात आले आणि चंबळ नदीवरून आलेल्या नळवाहिनीतूनही घन्याला पाणी दिले जाऊ लागले. तळ ओला झाला, बदके परतली. पण एक उणीव राहिली, आणि ती प्रथम लक्षात आली ती मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांवरून. गंभीरचा पूर अजान बांधातून यायचा तेव्हा गढूळ यायचा. त्यात माशांची अंडी असायची, पिले असायची, वरच्या रानातले बी असायचे, किडे असायचे. जुलै-ऑगस्टमध्ये आलेली ती मासळी सप्टेंबर-ऑक्टोबरात चित्रबलाकांच्या पिलांच्या चोचीत जायची. नळातून येणाऱ्या पाण्यात यांतले काही येत नाही.